पकडल्यानंतरचे 72 तास

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात 1 फेब्रुवारी 2021पासून एक नव्या प्रकारची पावती फाडली जाऊ लागली. एखाद्याजवळ एक ग्रॅमच्या आत हेरॉइन किंवा दोन ग्रॅमच्या आत कोकेन सापडलं, तर पोलीस त्याला बेड्या घालायचे नाहीत. माल काढून घ्यायचे आणि सिग्नल तोडल्यावर देतात तशी 100 डॉलर दंडाची पावती हातात ठेवायचे. सोबत एक फोन नंबर. त्या नंबरवर फोन करायचा, पलीकडचा माणूस तब्येतीबद्दल आणि व्यसनाबद्दल विचारील त्याची उत्तरं द्यायची, की दंड माफ. फोन नाही केला आणि दंडही नाही भरला, तरी पुढे काहीच नाही. सार्वमतात 58 टक्के लोकांनी पसंत केलेला हा कायदा होता. राज्याच्या लेखापरीक्षकांनी जानेवारी 2023मध्ये त्याचा हिशेब मांडला, तेव्हा पहिल्या 15 महिन्यांत त्या नंबरवर 119 फोन आल्याचं दिसलं. एका फोनमागे 7,000 डॉलरहून जास्त खर्च पडला होता. अमली पदार्थांच्या कायद्यांवर एवढं काही लिहून आलंय, पण त्या सगळ्यापेक्षा हा एवढासा आकडा मनात रुतून बसतो. 119.

फोन का आले नसतील, हे व्यसनाच्या जवळ राहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. हेरॉइन ओढणाऱ्याचा किंवा टोचणाऱ्याचा दिवस घड्याळाने चालत नाही, अंगाने चालतो. शेवटच्या डोसनंतर आठ ते बारा तासांत जांभया सुरू होतात. नाक गळायला लागतं, डोळ्यांतून पाणी येतं, अंगावर काटा उभा राहतो. मग पोटात पिळवटल्यासारखं होतं, जुलाब, उलट्या, पायांत गोळे, रात्रभर पाय झाडत राहणं. आपल्याकडे व्यसनमुक्ती केंद्रांत याला ‘टर्की’ म्हणतात. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असते आणि आठवड्याभरात ओसरते. ज्याच्या अंगात हे सुरू व्हायच्या बेतात आहे, त्याच्या हातात पावती पडली तर त्याला एकच प्रश्न पडतो, पुढची पुडी कुठून मिळेल. दंड माफ करून घ्यायला फोन लावणारा माणूस म्हणजे उद्याचा विचार करू शकणारा माणूस. त्या घटकेला तो तसा नसतो. हा त्याच्या स्वभावातला दोष नव्हे, अंगात काय चाललंय त्याचा परिणाम आहे.

ओरेगॉनने शिक्षा काढून टाकली आणि तिच्या जागी एक नंबर ठेवला. उपचार केंद्रांसाठी गांजावरच्या कराचे पैसे राखून ठेवले होते, पण ते केंद्रांच्या हातात पडेपर्यंत 2022 उजाडलं. म्हणजे ज्यांनी फोन केला असता त्यांना पाठवायचं कुठे, याचीही तोवर बोंबच होती. त्याच सुमाराला पश्चिम किनाऱ्यावर फेंटानिल, हेरॉइनहून कितीतरी जहाल असं कारखान्यात बनणारं द्रव्य, येऊन धडकलं आणि मृत्यू वाढले. पोर्टलंडच्या फुटपाथवर लोक उघड्यावर ओढताना दिसायला लागले. फेंटानिलच्या आगमनाची वेळ हिशेबात धरून पुढे झालेल्या अभ्यासांत या कायद्याचा आणि वाढलेल्या मृत्यूंचा संबंध आढळला नाही. पण रोज त्या फुटपाथवरून मुलांना शाळेत नेणाऱ्या आईबापांना असल्या अभ्यासाचं काय सांगणार? 1 सप्टेंबर 2024पासून ओरेगॉनमध्ये अंगावर माल बाळगणं पुन्हा गुन्हा झालं, 180 दिवसांपर्यंतच्या कैदेसह. सुधारणेच्या विरोधकांना तेव्हापासून एक हुकमी उदाहरण मिळालं आहे. ते चुकीच्या गोष्टीकडे बोट दाखवतं, असं माझं ठाम मत आहे. शिक्षा काढली हे तिथे चुकलं नाही. शिक्षा काढल्यावर मधे जी जागा मोकळी झाली, तिथे माणूस बसवला नाही, हे चुकलं.

ती जागा कशी भरता येते हे बघायचं तर पोर्तुगालकडे जावं लागतं.

1990च्या दशकात तिथे लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का लोक हेरॉइनच्या पकडीत होते. लिस्बनच्या कझाल व्हेंतोझु नावाच्या टेकडीवरच्या वस्तीत दिवसाढवळ्या हजारोंनी लोक येऊन टोचून घ्यायचे. एकच सुई अनेकांच्या अंगातून फिरायची आणि तिच्यासोबत एचआयव्ही. 1998मध्ये सरकारने नऊ जणांची समिती नेमली. तेव्हाचे पंतप्रधान म्हणजे पुढे संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झालेले अंतोनियो गुतेरेस. समितीतले एक डॉक्टर, जुआंव गुलांव, दक्षिणेकडच्या आल्गार्व्ह प्रांतात साधी फॅमिली प्रॅक्टिस करणारे, पुढे दोन दशकांहून अधिक काळ या धोरणाचा चेहरा झाले. समितीच्या शिफारशींतून झालेला कायदा 1 जुलै 2001 रोजी अमलात आला. त्यात वजनांचा तक्ता होता: सरासरी माणसाला दहा दिवस पुरेल एवढा माल. हेरॉइन एक ग्रॅम, कोकेन दोन ग्रॅम, गांजा पंचवीस, चरस पाच. एवढ्यापर्यंत सापडलं तर फौजदारी खटला नाही. विकणं, पिकवणं, ने-आण करणं हे गुन्हे तसेच राहिले. आणि बाळगणाऱ्यालाही मोकळं सोडलेलं नव्हतं. तिथेही पोलीस माल जप्त करतात, वजन करतात, कागद करतात. कागदावर लिहिलेलं असतं की 72 तासांच्या आत अमुक ठिकाणी हजर व्हा.

ते ठिकाण म्हणजे न्यायालय नव्हे. जिल्ह्यागणिक एक, असे 18 आयोग मुख्य भूमीवर उभारले. साधं ऑफिस, टेबल, खुर्च्या. उंच चौथरा नाही, काळा डगला नाही. आयोगाचे सदस्य तीन. एक कायद्याचा जाणकार, बाकीचे वैद्यक, मानसशास्त्र किंवा समाजकार्यातले. पण खरं काम त्यांच्याआधी होतं. समोर आलेल्या माणसाला पहिल्यांदा आयोगाचा मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक भेटतो आणि वेळ देऊन बोलतो. काय घेतोस, किती वर्षं, कसं घेतोस, कामधंदा काय, घरी कोण आहे, रात्री कुठे झोपतोस. यातून एकच निवाडा करायचा असतो: हा व्यसनाधीन आहे की अधूनमधून घेणारा. बहुतेक जण गांजासोबत सापडलेले असतात. पहिल्यांदाच सापडलेला आणि व्यसनाधीन नसलेला असेल तर कारवाई स्थगित होते, थोडं बोलून त्याला घरी पाठवतात. व्यसनाधीन असेल आणि उपचाराला तयार असेल तरीही कारवाई स्थगित, आणि त्याच बैठकीत उपचार केंद्राची वेळ ठरते. जो व्यसनाधीन आहे त्याला पैशांचा दंड करायचाच नाही, असं कायद्याने सांगून ठेवलं आहे. दंड भरायला तो पैसे कुठून आणेल, हे लिहिणाऱ्यांनी ओळखलं होतं. हा कायदा लिहिणाऱ्यांत डॉक्टर होता, हे इथे जाणवतं.

आता 72 तासांकडे पुन्हा बघा. टर्कीचा कडेलोटही त्याच सुमाराला होतो. कायद्यात हा आकडा त्या हिशेबाने घातला असेल असं मी म्हणत नाही. पण या दोन घड्याळांना एकत्र ठेवलं की कुठल्याही देशाचा कायदा तपासायची एक साधी रीत हाती लागते. पकडल्या क्षणापासून 72 तासांत त्या माणसाची गाठ कुणाकुणाशी पडते? पोर्तुगालमध्ये पोलीस, मग मानसशास्त्रज्ञ, मग तीन जणांचा आयोग, मग उपचार केंद्र. ओरेगॉनमध्ये पोलीस, आणि मग कुणी नाही.

आणि आपल्याकडे? योगायोग असा की भारतानेही त्याच 2001 सालात वजनांचा तक्ता केला. आपला अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, 1985चा. 2001च्या दुरुस्तीने शिक्षा मालाच्या वजनाला बांधली गेली. हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत असेल तर ‘अल्प मात्रा’, अडीचशे ग्रॅमच्या वर ‘व्यापारी मात्रा’. गांजा एक किलो आणि वीस किलो. कोकेन दोन ग्रॅम आणि शंभर ग्रॅम. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, व्यापारी मात्रेला दहा ते वीस वर्षं. आपला पाच ग्रॅमचा आकडा पोर्तुगालच्या एक ग्रॅमपेक्षा चांगला ऐसपैस दिसतो. पण तिथला तक्ता माणूस कुठल्या दारात जाईल ते ठरवतो आणि आपला तक्ता तो किती वर्षं आत राहील ते. शिवाय जवळ काहीच सापडलं नाही, नुसतं सेवन सिद्ध झालं, तरी कलम 27खाली गुन्हा आहेच. गोव्यातल्या कितीतरी घरांतली मुलं पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला गेली आहेत. एक चुलतभाऊ लिस्बनला, एक मडगावला. दोघांच्या खिशात तेवढीच पूड सापडली, तर पुढचे तीन दिवस दोघांचे इतके वेगळे जातील की ते एकाच शतकात राहतात यावर विश्वास बसू नये.

मडगावात किंवा मुंबईत काय होतं ते क्रमाने सांगते. पंच बोलावले जातात, पंचनामा होतो. मुद्देमाल वजन करून, लाखेचं सील लावून ठेवला जातो. सेवनाचा संशय असेल तर लघवी-रक्ताच्या नमुन्यांसाठी सरकारी दवाखान्यात नेतात. तिथे डॉक्टर भेटतो खरा, पण त्याला विचारलेलं असतं ते एवढंच की पुरावा मिळतोय का. 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे, मग कोठडी किंवा जामीन. अल्प मात्रेचे गुन्हे जामीनपात्र आहेत असं एका निकालात म्हणणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयानेच 2020मध्ये या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. म्हणजे जामीन ही बहुधा वकील लावू शकणाऱ्याचीच सोय झाली. फुटपाथवर झोपणाऱ्या गर्दुल्ल्याची टर्की लॉकअपच्या फरशीवर चढते आणि तिथेच उतरते. उलट्यांचा आणि जुलाबाचा वास, पाण्यासाठी ओरडणं, पहाऱ्यावरच्या शिपायाने ‘नाटकं करतोय’ म्हणून दुर्लक्ष करणं. त्या शिपायालाही दोष देववत नाही, कारण हे ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर करायचं काय, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल पुढे केव्हातरी येतो. पुडीत काय होतं ते तेव्हा समजतं. माणसात काय होतं ते कुठल्याच कागदावर येत नाही.

आणि तरीही आपल्या कायद्यात दार नाही असं नाही. कलम 64-अ वाचलं की आधी आश्चर्य वाटतं आणि मग चीड येते. व्यसनाधीन माणसावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असेल आणि त्याने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही मुभा काढून घेता येते. कलम 39 तर शिक्षा ठोठावलेल्यालाही बंधपत्रावर उपचारासाठी पाठवायची सोय देतं. कागदावर हे पोर्तुगालपासून फार लांब नाही. मग अडतं कुठे? पहिलं म्हणजे ‘स्वतःहून’. कोठडीतल्या माणसाने स्वतःहून मागायचं, म्हणजे त्याला हे कलम माहीत हवं, आणि ते सांगायला कुणी बांधील नाही. दुसरं, उपचार मागायचे तर आपण व्यसनाधीन आहोत हे खटला सुरू असताना कबूल करायचं. वकील म्हणतो, तोंड उघडू नकोस. अर्ज फेटाळला गेला तर ती कबुली कुणाच्या कामी येणार? तिसरं, रुग्णालय सरकारी किंवा मान्यताप्राप्त हवं. गल्लोगल्लीच्या खाजगी केंद्रांत महिनाभर राहून आलेल्याचा कागद न्यायालयात चालेलच असं नाही. आणि चौथं म्हणजे वजन.

वजनाची गोष्ट जरा नीट सांगायला हवी. रस्त्यावरची ब्राउन शुगर, म्हणजे पुडीतलं हेरॉइन, कधीच शुद्ध नसते, विकणारे तिच्यात हाताला लागेल ते मिसळतात. वजन कशाचं धरायचं, नुसत्या हेरॉइनचं की सगळ्या मिश्रणाचं? 2008मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शुद्ध द्रव्याचं. एप्रिल 2020मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने हिरा सिंग खटल्यात ते फिरवलं: भेसळीसकट सगळं वजन. कारण दिलं ते समजण्यासारखं आहे, भेसळीचा मालसुद्धा तितकाच घातक असतो आणि विकणारा असाच विकतो. पण परिणाम बघा. रोज ग्रॅमभर ओढणाऱ्याने आठवड्याची बेगमी एकदम केली आणि सात ग्रॅमसकट सापडला, तर त्यात हेरॉइन कितीही कमी असो, तो अल्प मात्रेच्या बाहेर गेला. दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या पट्ट्यात गेला, आणि कलम 64-अचं दार त्याला बंद झालं. भेसळ जितकी जास्त तितका ओढणाऱ्याला माल जास्त लागणार आणि तितका तो शिक्षेच्या वरच्या पायरीवर चढणार. गोदामाचा मालक या कायद्याने आत जातोच असं नाही. पुड्या बाळगणारा हमखास जातो, कारण तो रोज त्याच नाक्यावर भेटतो.

गुन्हेगारीबद्दल सगळे विचारतात. मोबाईल खेचणं, गटाराची झाकणं, तांब्याच्या तारा, बंद गाळ्यांचे नळ, देवळाची दानपेटी. चोऱ्या वाढल्या की वस्ती म्हणते, गर्दुल्ल्यांना आत टाका. वस्तीचा राग खरा आहे. पण या चोऱ्यांमागे दर सहा-आठ तासांनी येणारी निकड असते आणि ती निकड औषधाने थांबते. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवतात. हेरॉइन मेंदूत जिथे चिकटतं त्याच जागांना ती जाऊन चिकटते, टर्की येऊ देत नाही, आणि तिची नशा एका मर्यादेपलीकडे चढत नाही. द्यायची रीत मात्र नेमकी आहे. टर्कीची लक्षणं दिसायला लागल्यावरच पहिली गोळी द्यायची. हेरॉइन अंगात असतानाच दिली तर ती हेरॉइनला हुसकून लावते आणि टर्की एकदम अंगावर कोसळते. असा एकदा होरपळलेला माणूस परत येत नाही आणि चार जणांना सांगतो की ती गोळी विष आहे. गोळी नर्ससमोर, भुकटी करून द्यायची, नाहीतर अख्खी गोळी गालात दडवून बाहेर विकली जाते. विरघळायला काही मिनिटं लागतात, तोवर समोर बसवायचं, बोलतं ठेवायचं. आणि हे रोज, महिनोन्‌महिने. लिस्बनमध्ये हेच काम फिरत्या गाड्यांतून मेथाडोन हे असंच टर्की थांबवणारं पातळ औषध पाजून होतं. ज्याला सकाळी हे औषध मिळालं त्याला दुपारी तांब्याची तार ओढून काढायची गरज उरत नाही. चोऱ्या कमी होतात त्या या गोळीमुळे. नुसतं कलम रद्द केल्याने एकही चोरी थांबत नाही, हे सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मोकळेपणाने म्हणायला हवं.

आपल्याकडे ही गोळी एड्स नियंत्रण कार्यक्रमातून मिळते, पण ती प्रामुख्याने सुईने टोचणाऱ्यांसाठी. पन्नीवर ओढणारा त्या यादीत बसत नाही. सरकारी रुग्णालयांत अलीकडे निघालेल्या उपचार केंद्रांनी ही फट थोडी बुजवली आहे. 2019च्या राष्ट्रीय पाहणीत एम्सच्या तज्ज्ञांनी अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे 77 लाख लोक मोजले. ज्या मोजक्या राज्यांत त्यांतले निम्म्याहून जास्त होते, त्यांत महाराष्ट्र होता.

मनात शंका येत नाहीत असं नाही. पोर्तुगालचं यश म्हणून जे आकडे सांगतात, त्यांतला सगळ्यात ठळक म्हणजे एचआयव्हीचा: सुईतून होणारी नवी लागण 2001मध्ये हजारावर होती, ती दहा-बारा वर्षांत शंभराच्या खाली आली. पण तिथल्या औषध दुकानांत वापरलेल्या सुईच्या बदल्यात नवी सुई 1993पासूनच मिळत होती. कायद्याला श्रेय किती आणि त्या सुयांना किती, हे वेगळं काढता येत नाही. आणि हे यश टिकाऊही नाही. 2012च्या काटकसरीत व्यसनविषयक स्वतंत्र संस्था मोडली आणि उपचारांचं काम प्रादेशिक आरोग्य खात्यांत विखुरलं. पुढे पोर्तो शहराच्या पाश्तलैरासारख्या वस्तीत लोक पुन्हा उघड्यावर दिसू लागले. कलम तेच होतं, तक्ता तोच होता. पगार घेणारी माणसं कमी झाली होती.

दुसरी शंका आपल्या घरातली, आणि जास्त बोचणारी. महाराष्ट्राचा आजचा प्रश्न ब्राउन शुगरइतकाच एमडीचा आहे. म्हणजे मेफेड्रोन, एक उत्तेजक द्रव्य. नाशिकजवळच्या शिंदे गावात 2023मध्ये कारखाना सापडला, 2024मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत. हे शेतात उगवत नाही, रसायनं आणून शेडमध्ये बनतं, आणि कॉलेजच्या गेटपर्यंत पोहोचतं. अल्प मात्रा दोन ग्रॅम, व्यापारी पन्नास ग्रॅम. पण याला ब्युप्रेनॉर्फिनसारखी कुठलीही गोळी नाही. उपचार म्हणजे झोप, जेवण, निराशेवर औषध, आणि समुपदेशकाने आठवड्यामागून आठवडे केलेलं काम. एमडी सुटल्यावर जी काळीकुट्ट मरगळ येते, तिच्यात आत्महत्येचा विचार डोकावतो, म्हणून पहिले दिवस माणसाला एकटं ठेवायचं नसतं. हेरॉइनसाठी घडवलेली पोर्तुगालची घडी इथे जशीच्या तशी बसणार नाही. बसेल तेवढा त्या घडीचा पहिला भाग: पोलिसानंतर भेटणारं पहिलं माणूस बोलायला बसलेलं असणं.

ऑक्टोबर 2021मध्ये बातमी आली होती की सामाजिक न्याय मंत्रालयाने वैयक्तिक सेवनासाठीच्या अल्प मात्रेला गुन्ह्यातून वगळण्याची शिफारस केली आहे. त्या डिसेंबरमध्ये संसदेने एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती केलीही. पण ती होती 2014च्या दुरुस्तीत उपकलमाचा क्रमांक चुकला होता तो सुधारण्यापुरती. बाकीचं तिथेच राहिलं.

पुन्हा कधी हा मसुदा टेबलावर आलाच, तर भांडण पाच ग्रॅम की दहा ग्रॅम यावर रंगेल, टीव्हीवर दोन बाजू बसतील. त्याआधी करण्यासारखी कामं आहेत आणि त्यांना संसद लागत नाही. अटकेच्या वेळी वाचून दाखवायच्या हक्कांमध्ये कलम 64-अचं एक वाक्य. मॅजिस्ट्रेटपुढे नेताना सोबतच्या कागदांत ‘व्यसनाधीन आहे का’ हा रकाना आणि तो भरणारा डॉक्टर. विधिसेवा प्राधिकरणाच्या वकिलाला या कलमाखालच्या अर्जाचा छापील नमुना. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ब्युप्रेनॉर्फिन, ओढणाऱ्यालाही. कोठडीत टर्की सुरू झालेल्याला त्याच रात्री औषध. तुरुंगातून सुटणाऱ्याला जवळच्या केंद्राची ठरवलेली तारीख, कारण आत राहून अंगाची सहनशक्ती उतरलेली असते आणि बाहेर येऊन जुन्या मापाने घेतलेला पहिला डोस जीव घेतो. आणि या सगळ्यासाठी दर जिल्ह्याला निदान दोन समुपदेशक, कंत्राटी नव्हे, कायम पगारावर.

समुपदेशकांच्या पगाराची ती ओळ अर्थसंकल्पात कुणी घालत नाही, तोवर ग्रॅमचा आकडा कुठलाही ठरवला तरी लॉकअपमधले ते तीन दिवस तसेच जाणार आहेत.